‘कंप्लाय’ या क्रियापदाची कुळकथा

सरकारी कामकाजाचे पान ज्या इंग्रजी क्रियापदावाचून हलत नाही असे क्रियापद कोणते, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी ‘कंप्लाय’चे नाव घेईन. वरून पत्र येते, त्याचे कंप्लायन्स मागितले जाते. लेखापरीक्षणाचे आक्षेप येतात, त्यांचे कंप्लायन्स द्यावे लागते. संसदेत दिलेल्या आश्वासनाचे कंप्लायन्स, न्यायालयाच्या निर्देशांचे कंप्लायन्स, आणि मागच्या बैठकीच्या इतिवृत्ताचे कंप्लायन्स तर पुढच्या बैठकीचा पहिलाच विषय असतो. तीस वर्षांच्या नोकरीत या शब्दाखाली मी किती सह्या केल्या असतील याची गणती नाही. परंतु आपण नेमके काय करतो म्हणजे ‘कंप्लाय’ करतो, हा प्रश्न कचेरीत सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या शब्दाचे कूळ आणि मूळ शोधण्याचा हा प्रयत्न.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द तीन वेशांत भेटतो. भिलाईच्या सिविक सेंटरमधील एखाद्या बँकेत गेले की इंग्रजी अर्जावर ‘कंप्लायन्स’ असते आणि शेजारच्या हिंदी सूचनेत ‘अनुपालन’. गावाकडच्या सातबाराच्या किंवा वारसनोंदीच्या कामासाठी तहसील कचेरीचे पत्र आले, तर त्यात लिहिलेले असते, ‘त्रुटींची पूर्तता करावी’. एकच आज्ञा, पण तीन शब्द. केंद्र सरकारच्या राजभाषा नियम, 1976 मध्ये छत्तीसगड ‘क’ क्षेत्रात येते व महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात. त्याच नियमांतील बाराव्या नियमाचा विषयच मुळी ‘अनुपालनाचे उत्तरदायित्व’ हा आहे. ते त्या त्या कार्यालयाच्या प्रशासकीय प्रमुखावर टाकलेले आहे. म्हणजे शब्द कोणता वापरायचा याचा नियम, आणि त्या नियमाच्या पालनाचाही नियम.

आता इंग्रजी शब्दाकडे वळू. ‘कंप्लाय’चे मूळ लॅटिनमधील ‘कोंप्लेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ पूर्ण भरणे, काठोकाठ भरणे. ‘कंप्लीट’ हा शब्द तेथूनच आला. लॅटिनचे स्पॅनिशमध्ये ‘कुम्प्लिर’ झाले, इटालियनमध्ये ‘कोंप्लिरे’ झाले, आणि त्यांना आणखी एक छटा चिकटली: दिलेला शब्द पुरा करणे, त्याचप्रमाणे दरबारी शिष्टाचार यथासांग पार पाडणे. सोळावे शतक संपत असताना हा शब्द इंग्रजीत शिरला तो या दरबारी वेशात. ‘कॉम्प्लिमेंट’ हा त्याचा सख्खा भाऊ. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, म्हणजे 1600 च्या सुमारास, हे क्रियापद शिष्टाचाराच्याच अर्थाने येते. एका दरबारी माणसाची टिंगल करताना हॅम्लेट म्हणतो की हा गृहस्थ तान्हा असताना आईच्या स्तनालाही आधी मुजरा करून मगच दूध पीत असेल. त्या मुजऱ्याच्या जागी शेक्सपियरने ‘कंप्लाय’ योजला आहे. सतराव्या शतकाच्या मध्याकडे ‘दुसऱ्याच्या इच्छेप्रमाणे वागणे’ हा आजचा अर्थ रुळला. वाकणे, घडी पडणे या अर्थाचे ‘प्लाय’ व ‘प्लायंट’ हे शब्द इंग्रजीत आधीपासून होते. त्यांच्याशी या शब्दाचे कूळ जुळत नाही, पण उच्चार जुळला, आणि भरण्याच्या शब्दाला वाकण्याचा वास लागला.

अर्थाचा हा प्रवास एका वाक्यात सांगता येईल. आधी भरणे, मग मुजरा करणे, मग वाकणे.

गंमत अशी की प्रशासनातील आणखी कितीतरी शब्द याच ‘भरण्या’च्या घराण्यातले आहेत. ‘इम्प्लिमेंट’ हा ‘इम्प्लेरे’वरून, ‘सप्लाय’ हा ‘सुप्लेरे’वरून, ‘अकम्प्लिश’ आणि ‘प्लीनरी’ हेही त्याच गोत्रातले. आणि हे घराणे युरोपपुरते नाही. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मुळाविषयी आपले प्रसिद्ध विधान केले, तेव्हापासून भाषाशास्त्रज्ञांनी अशा जोड्या मोठ्या कसोशीने तपासल्या आहेत. लॅटिनचे ‘प्लेनुस’ आणि संस्कृतचे ‘पूर्ण’ ही त्यांतील एक पक्की जोडी. इंग्रजीतला ‘फुल’ही त्यांचाच भाऊ, कारण मूळचा ‘प’ जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला. तेव्हा तहसील कचेरीचा कारकून ‘पूर्तता करावी’ असे लिहितो, तेव्हा तो ‘कंप्लाय’चा नुसता अनुवाद करीत नाही. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेल्या दोन भावंडांपैकी आपल्याकडे राहिलेल्याला तो हाक मारतो.

आपल्याकडे या धातूला एक विशेष अर्थही लाभला. धर्मशास्त्रात ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ अशी जोडी येते. इष्ट म्हणजे यज्ञयागादी कर्म. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नदान. लोकांच्या उपयोगाची जी कामे, त्यांना आपल्या पूर्वजांनी ‘भरलेले’ असे नाव दिले. आजच्या भाषेत पूर्त म्हणजे सार्वजनिक बांधकाम आणि समाजकल्याण. ‘पूर्तता अहवाल’ या शब्दाच्या पोटात विहीर आणि तळे आहे, हे मी विसरू शकत नाही. हिंदीतला ‘अनुपालन’ही हलका नाही. त्यात ‘पालन’ आहे, म्हणजे राखणे, सांभाळणे. गोपाळ गाई सांभाळतो ते पालन. दोन्ही शब्दांत वाकण्याचा मागमूस नाही.

मग आपल्या कारभारात वाकण्याचा शब्द कोणता? तो आहे ‘शिरसावंद्य’. आज्ञा शिरसावंद्य मानणे म्हणजे ती मस्तकाने वंदणे. मोगल दरबाराचे फर्मान आले की ते स्वीकारणारा ते डोक्याला लावीत असे, तोच हा भाव. आणि प्रत्यक्ष काम करण्याला आपण म्हणतो ‘अंमलबजावणी’. यातला ‘अंमल’ अरबी, म्हणजे कृती. ‘बजा’ फारसी, म्हणजे जागेवर, जिथल्या तिथे. ठरलेली कृती तिच्या जागी आणून पोचवणे ती अंमलबजावणी. समन्सची ‘तामिली’ हाही त्याच अरबी धातूचा शब्द. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांनी राजव्यवहारकोश सिद्ध केला. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्गांत त्यांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांतले थोडे टिकले, पुष्कळ मागे पडले. हुकूम, ताकीद, अंमल मात्र आजही मराठीत नांदतात. प्रशासनाची भाषा आज्ञेने थोडीशीच बदलते, हा त्यातला धडा. भाषा स्वतः फारशी कंप्लायंट नसते.

हे शब्द छत्तीसगडातही नवखे नव्हेत. 1741 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा येथे आल्या. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. पुढे सुभेदारीच्या काळात जुन्या गढांच्या जागी परगणे आले, आणि परगण्यांवर कमाविसदार आले. विसाव्या शतकात दुर्ग जिल्हा पुन्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्या प्रांताने 1950 साली कायदा करून हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा केले, आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी डॉ. रघुवीरांना प्रशासनाची परिभाषा घडवण्यासाठी नागपूरला बोलावले. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार फेब्रुवारी 1955 मध्ये झाला तेव्हा येथली राजधानी नागपूरच होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तोवर ती भोपाळला गेली होती. तेव्हा सिविक सेंटरमध्ये ‘अनुपालन’ वाचताना मराठी माणसाने परके वाटून घेण्याचे कारण नाही. ही परिभाषा घडत होती तेव्हा हिंदी आणि मराठी या एकाच राज्याच्या दोन राजभाषा होत्या.

आता या क्रियापदाच्या स्पॅनिश शाखेकडे जाऊ, कारण प्रशासनाच्या अभ्यासकाला तेथे फार मोठे धन सापडते. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत एक सूत्र प्रसिद्ध होते: ‘ओबेदेस्को, पेरो नो कुम्प्लो’. आज्ञा मानतो, पण पूर्तता करीत नाही. यातला ‘कुम्प्लो’ म्हणजे आपल्या ‘कंप्लाय’चाच पूर्वज. याचे मूळ चौदाव्या शतकातील कास्तीलच्या कायद्यात होते. राजाचे पत्र कायद्याच्या विरुद्ध असेल तर त्याचा मान राखावा, पण ते अमलात आणू नये. राजपत्र आले की अधिकारी उभा राहून त्याचे चुंबन घेई, ते मस्तकावर ठेवी, आणि मग अंमल स्थगित करून राजाकडे फेरविचाराची विनंती पाठवी. आपले ‘शिरसावंद्य’ येथे अक्षरशः दिसते. ‘पूर्तता’ तेवढी वेगळी काढून ठेवलेली असे.

यामागचे कारण समजण्याजोगे आहे. माद्रिदहून वा सेव्हिलहून निघालेली आज्ञा मेक्सिकोला पोचेपर्यंत कित्येक महिने जात. लिहिणाऱ्याला जागेवरची परिस्थिती ठाऊक नसे. 1542 साली सम्राट पाचव्या चार्ल्सने ‘नवे कायदे’ काढले. जिंकलेल्या मुलखातील मूळ रहिवाशांकडून खंडणी व श्रम घेण्याचे जे हक्क स्पॅनिश सरदारांना मिळाले होते, ते वारसाने पुढे चालू नयेत असे त्यांत एक कलम होते. मेक्सिकोत हे कायदे घेऊन आलेल्या तेयो दे सांदोव्हाल या अधिकाऱ्याने व्हाइसरॉय मेंदोसाच्या संमतीने वादग्रस्त कलमे स्थगित केली. तेथे बंड झाले नाही. पेरूत व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला यांनी अक्षरशः अंमल करण्याचा हट्ट धरला. तेथे गोन्सालो पिसारोने बंड केले, आणि जानेवारी 1546 मध्ये किटोजवळच्या लढाईत व्हाइसरॉय मारले गेले. दरम्यान 1545 सालीच राजाने वारसाहक्काचे कलम मागे घेतले होते.

प्रशिक्षण संस्थांत ही कथा ‘लवचिकतेचा विजय’ म्हणून सांगितली जाऊ शकते. मला ती तशी सांगवत नाही. मेक्सिकोत शांतता राहिली खरी, पण ज्यांच्यासाठी कायदा केला होता ते राबणारे लोक राबतच राहिले. अर्ज-विनंत्या, स्थगिती, फेरविचार हे सगळे सरदारांसाठी होते. ‘मानतो पण करीत नाही’ म्हणण्याची मुभा कोणाला मिळते, आणि तिची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न प्रत्येक स्थगितीला विचारावे लागतात. शेजारी पोर्तुगालच्या कारभारात याच क्रियापदाचा शेरा होता, ‘कुंप्रा-से’, म्हणजे ‘पूर्तता व्हावी’. गोवा 1961 पर्यंत त्याच राजवटीत होता. तेव्हा हे घराणे मराठीच्या शेजघरात साडेचारशे वर्षे राहून गेले आहे.

इंग्लंडने तिसरीच तऱ्हा दाखवली. तेथे 1661 चा कॉर्पोरेशन कायदा आणि 1673 चा टेस्ट कायदा यांनुसार सरकारी वा नगरपालिकेच्या पदासाठी राजमान्य चर्चमध्ये प्रसाद घेणे आवश्यक झाले. इतर पंथांच्या कित्येक लोकांनी सोपा मार्ग काढला. पदापुरता एकदा राजमान्य चर्चमध्ये जाऊन प्रसाद घ्यायचा, आणि एरवी आपल्या प्रार्थनागृहात जायचे. याला ‘प्रासंगिक अनुरूपता’ असे नाव पडले. ती बंद करण्यासाठी 1711 साली वेगळा कायदा केला गेला आणि 1719 साली तो रद्दही झाला. राज्याला निष्ठा हवी होती. मोजता येत होता तो फक्त प्रसाद, आणि प्रसाद मिळाला. चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने 1975 साली मांडलेला नियम आमच्या विषयात सुपरिचित आहे. नियंत्रणासाठी एखादा निर्देशक वापरू लागले की त्याचा भरवसा उरत नाही, असा त्याचा आशय. इंग्लंडच्या पाद्र्यांना तो अडीचशे वर्षे आधीच अनुभवाने कळला होता.

मग आज्ञा कशी असावी, की तिची पूर्तताच व्हावी, नुसता मुजरा नव्हे? याचे माझ्या माहितीतील सर्वोत्तम उदाहरण मराठीतच आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना एक पत्र पाठवले. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांचे धान्य, भाजी, लाकूड ओरबाडाल, मग रयत म्हणेल की याहून मोगल बरे, अशी कारणपरंपरा त्यात एकामागून एक सांगितली आहे. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतका बारकावाही त्यात आहे. एवढ्या मोठ्या राजाला ‘असे करू नका’ म्हणून थांबता आले असते. त्याने शिपायाला कारण समजावले. कारण समजलेला शिपाई पत्रात नमूद नसलेल्या प्रसंगीही योग्य तेच करील. गीतेतही सगळा उपदेश झाल्यावर कृष्ण अर्जुनाला सांगतो की याचा पुरता विचार कर आणि मग वाटेल तसे कर. त्यानंतरच अर्जुन सांगितल्याप्रमाणे करण्याचे कबूल करतो. आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध ‘कंप्लायन्स’ हे विचार करण्याच्या मुभेनंतर आलेले आहे.

आजच्या कारभारात हे कारण बहुधा गळून पडते. काही वर्षांपूर्वी सिविक सेंटरमधील एका बँकेच्या शाखेत नोव्हेंबरच्या रांगेत मी हे पाहिले. भट्टीजवळ उमेद घालवलेला एक वृद्ध हयातीचा दाखला द्यायला आला होता. यंत्रावर त्याचा अंगठा उमटेना. बोटांवरच्या रेषा कामात झिजून गेल्या होत्या. चार वेळा प्रयत्न झाले, आणि खिडकीतला तरुण म्हणाला, “बाबूजी, अनुपालन पेंडिंग बता रहा है.” म्हातारा म्हणाला, “पर हम तो खड़े हैं.” आतून एक वयस्क अधिकारी बाई उठून आल्या. त्यांनी कागदी नमुना काढला, म्हाताऱ्याची ओळख पटवली, सही-शिक्का केला. दोन मिनिटांचे काम. नियमात ती सोय होतीच. निवृत्तिवेतन जिवंत माणसालाच मिळावे हा त्या नियमाचा हेतू, आणि जिवंत माणूस समोर उभा होता. तरुणाने यंत्राचे पालन केले, बाईंनी नियमाची पूर्तता केली. पुढे 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली, हे चांगलेच झाले. पण पुढच्या प्रत्येक यंत्रापुढे कोणीतरी असा उभा राहणारच आहे.

माहितीचा अधिकार कायदा, 2005 हे दुसरे उदाहरण. त्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती 120 दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करायची होती. अनेक ठिकाणी ती कायद्यातील शब्दांचीच पुनरावृत्ती करून प्रसिद्ध झाली. सतरा मथळे, सतरा परिच्छेद, पूर्तता झाली. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणे सांगावीत. चिपळूणच्या पत्राचा हा कायदेशीर अवतार, पण त्याचा अहवाल मागितलेला मी क्वचितच पाहिला.

कंपन्यांच्या कारभारात 1992 च्या कॅडबरी समितीपासून ‘पाळा किंवा खुलासा करा’ हे तत्त्व आले. स्पॅनिश सूत्राचे हे सभ्य रूप. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यातही सामाजिक दायित्वाचा खर्च झाला नाही तर कारण नमूद करण्याची मुभा होती. 2021 पासून न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा ठरलेल्या निधीत टाकणे बंधनकारक झाले. खुलाशाची मुभा खुलाशातील प्रामाणिकपणावरच जगते, एवढे यातून घ्यावे.

तरुण सहकाऱ्यांसाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आज्ञा काढताना तिचे कारण एका वाक्यात त्याच पत्रात लिहावे. ते लिहिता येत नसेल तर पत्र एक दिवस थांबवावे. दुसरी, अहवालाच्या तक्त्यात ‘पूर्तता झाली’ या रकान्याशेजारी ‘कोणाचे काय भरले’ असा रकाना ठेवावा. पाणी, वेतन, पुस्तक, औषध, जे असेल ते तेथे लिहावे. तिसरी, ‘पूर्तता झाली नाही, कारण…’ असे लिहिणाऱ्या कनिष्ठाला शिक्षा करू नये. त्या एका ओळीत जेवढी माहिती असते, तेवढी शंभर टक्क्यांच्या दहा तक्त्यांत नसते. मात्र त्या स्थगितीची किंमत कोण मोजणार आहे, हे त्याच ओळीत लिहायला सांगावे.

आणि परप्रांतातील मराठी वाचकांसाठी एक. घरी, मंडळात, पत्रव्यवहारात ‘पूर्तता’ हा शब्द जरूर वापरा. तो कोरडा सरकारी शब्द नाही. त्याच्या एका बाजूला लॅटिन दरबार आहे, दुसऱ्या बाजूला आपल्या पूर्वजांनी खणलेली विहीर. विहीर खणल्याचा अहवाल कोणीही देईल. तिला पाणी आहे का, हे मात्र घागर सोडूनच पाहावे लागते.